साडेसहा हजार खर्चण्याआधी कपाटातली गोधडी काढा

प्रश्न : मी इचलकरंजीत राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरीच गोष्टी वाचून रेकॉर्ड करू लागले आहे. दिवाळीत भाच्याने एक डायनॅमिक मायक्रोफोन आणि लॅपटॉपला जोडायचा छोटा इंटरफेस आणून दिला. ऑडिओबुक काढणाऱ्या एका कंपनीला नमुना पाठवला, तर ‘मागचा आवाज उणे साठ डेसिबलच्या खाली हवा’ असा शेरा मारून त्यांनी परत केला. हेडफोनमध्ये मलाही बारीक ‘सूं’ ऐकू येतं. गेनचं, म्हणजे आवाज वाढवायचं, बटण पाऊण फिरवावं लागतं. दुकानदार म्हणतात, इंटरफेसमधला प्रीअ‍ॅम्प कमकुवत आहे, बाहेरून व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प लावा, साडेसहा हजारांत बसेल आणि आवाजाला गोडवाही येईल. भाचा म्हणतो, थांब. पैसे पेन्शनमधून घालायचे आहेत. घेऊ का? मायक्रोफोन टेबलावर लहान स्टँडवर असतो, मध्ये पुस्तक ठेवून मी हातभर अंतरावरून वाचते. लॅपटॉप चार्जिंगला असतो. पंखा बंद, खिडकी बंद. गल्लीत माग आहेत, पण त्यांचा आवाज आता आम्हाला ऐकूसुद्धा येत नाही.

बाई, नमस्कार.

घेऊ नका. आत्ता तर नकोच, आणि खाली सांगतो ती तपासणी केलीत तर पुढेही बहुधा लागणार नाही.

दुखणं कुठे आहे ते तुमच्या पत्राच्या शेवटच्या वाक्यात आलंय. माग तुम्हाला ऐकू येत नाहीत, कारण इतक्या वर्षांत तुमच्या कानांनी त्यांची दखल घेणं सोडून दिलंय. मायक्रोफोन इचलकरंजीत दिवाळीत आला. त्याला अजून सगळं ऐकू येतं.

पण आधी दुकानदारांच्या म्हणण्यात खरं किती ते बघू, कारण ते अगदीच खोटं बोलत नाहीत. डायनॅमिक, म्हणजे बाहेरच्या विजेशिवाय चालणाऱ्या, मायक्रोफोनमधून निघणारा सिग्नल फार क्षीण असतो. स्टेजवर गायकांच्या हातात नेहमी दिसणारा शुअरचा एसएम ५८ घ्या. त्याच्यावर ९४ डेसिबलचा, म्हणजे बऱ्यापैकी खणखणीत, आवाज पडला तरी त्यातून दोन मिलिव्होल्टसुद्धा निघत नाहीत. तुम्ही हातभर अंतरावरून घरगुती आवाजात गोष्ट वाचता तेव्हा तर एका मिलिव्होल्टचा दहावा हिस्साही धड मिळत नाही. एवढंसं काही लॅपटॉपपर्यंत पोहोचावं म्हणून ते शेकडो पटींनी वाढवावं लागतं. ते काम प्रीअ‍ॅम्पचं, आणि वाढवता वाढवता तो आपली थोडी सूं त्यात घालतो, हेही खरं.

एवढंच, की असा एक प्रीअ‍ॅम्प तुमच्या इंटरफेसमध्ये आधीच बसलेला आहे. तुम्ही पाऊण फिरवता ते बटण त्याचंच. बाहेरून दुसरा आणायचा तर पहिला वाईट आहे हे दिसायला हवं आणि दुसरा त्याहून चांगला आहे हेही. दुकानात यातलं काहीच मोजलं गेलेलं नाही. बटण पाऊण फिरवावं लागतं हा काही पुरावा नव्हे. डायनॅमिक मायक्रोफोनला तेवढं फिरवावंच लागतं, आणि बटणावर आकडे असतात ते वापरण्यासाठीच.

आता थोडा हिशोब. तुम्ही कोणता विषय शिकवत होता ते लिहिलं नाहीत, पण बेरीज-वजाबाकीच आहे. प्रीअ‍ॅम्पची स्वतःची सूं किती, हे माहितीपत्रकावर ‘ईआयएन’ या नावाखाली छापलेलं असतं. उणे जितकं जास्त तितकं चांगलं. यालाही निसर्गाने एक तळ घालून दिलाय. मायक्रोफोनच्या जागी धरलेला १५० ओहमचा साधा रोध खोलीच्या तापमानाला नुसता पडून असला तरी त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या हालचालीने सुमारे उणे १३१ डीबीयू (व्होल्टेजचं डेसिबलमधलं माप) इतकी सूं निर्माण होते. जगातला कुठलाही प्रीअ‍ॅम्प याच्या खाली जाऊ शकत नाही. तुमचा इंटरफेस कोणता ते माहीत नाही म्हणून घरोघरी दिसणारा एक धरतो : फोकसराइटच्या स्कार्लेट सोलोच्या तिसऱ्या पिढीला कंपनी उणे १२८ देते. मोजायच्या पद्धतीत एक-दोन डेसिबल इकडे-तिकडे होतात ते सोडा, पण उरलेली जागा बघा किती आहे. लाखाचा प्रीअ‍ॅम्प आणलात तरी चार-पाच डेसिबलांच्या पलीकडे काही हाती लागायचं नाही. साडेसहा हजारांच्या डब्याकडून मग काय अपेक्षा करायची?

तुमच्याच खोलीचे आकडे घालून बघू. सर्वसाधारण बोलणं एक मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास असतं. अंतर निम्मं केलं की सहा डेसिबल वाढतात. म्हणजे तुमच्या हातभर अंतरावर, ४५ सेंटिमीटरवर, तुमचा आवाज साधारण ६७. खिडकी बंद असूनही मागांची घरघर धरून खोली ४० डेसिबलवर आहे असं समजू. रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत मोठ्या पातळीला शून्य म्हणतात आणि त्याखालचं सगळं उण्यात मोजतात. तुमचं वाचन ऑडिओबुक कंपनीला हवं त्या पातळीला, सरासरी उणे २० ला, आणून ठेवलं की खोलीचा आवाज त्याच्या २७ खाली, उणे ४७ ला येऊन बसतो. नापास. त्याच वेळी प्रीअ‍ॅम्पची सूं कुठे असते? उणे ६९ च्या आसपास. म्हणजे पास, तेही नऊ डेसिबल राखून. तुमचा इंटरफेस मी धरला त्याहून आठ डेसिबलांनी वाईट निघाला, तरी तो काठावर का होईना, पासच होतो.

खोलीचा आवाज तुमच्या आवाजात मायक्रोफोनच्या तोंडाशीच मिसळतो. दुधात पाणी पडल्यावर भांडं चांदीचं घेतलं तरी काय उपयोग? प्रीअ‍ॅम्प दोन्ही सारखंच वाढवून देणार, मग तो स्वस्त असो की महाग.

आता मायक्रोफोन तोंडापासून चार-पाच बोटांवर आणा. ४५ चे ११ सेंटिमीटर झाले, म्हणजे अंतर दोनदा निम्मं झालं, म्हणजे बारा डेसिबल मिळाले. तुमचा आवाज ७९ वर गेला, खोली होती तिथेच राहिली. खोलीचा आवाज उणे ५९ ला आणि प्रीअ‍ॅम्पची सूं उणे ८१ ला. गेनचं बटणही पाऊणवरून बरंच मागे येईल. प्रीअ‍ॅम्प बदलून तुम्ही फक्त सूंशी झगडता, जवळ जाऊन सूं, माग आणि भिंतींवरून परत येणारा घुमारा तिघांनाही एकदम मागे ढकलता. आणि हे फुकट आहे. फार तर टेबलाला अडकवायचा लांब हाताचा स्टँड लागेल, म्हणजे पुस्तक मध्ये येणार नाही. पैसे घालायचेच असतील तर पहिले तिथे घाला.

जवळ गेल्यावर दोन अडचणी येतात. मराठीत प, फ, ब, भ यांचा सुकाळ. ‘भोपळ्यात बसून म्हातारी’ असं म्हटलं की ‘भ’ चा झोत थेट मायक्रोफोनच्या आतल्या पडद्यावर आदळतो आणि रेकॉर्डिंगमध्ये धप्प होतं. यासाठी पॉप फिल्टर, म्हणजे हवेचा झोत अडवणारी जाळी, लावा, आणि मायक्रोफोन तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याकडे, थोडा तिरका ठेवा. झोत बाजूने निघून जातो, आवाज येतोच. दुसरी अडचण खरं तर देणगी आहे. बोलायचे बहुतेक डायनॅमिक मायक्रोफोन जवळून खालचे स्वर जास्त उचलतात, त्यामुळे आवाज भरदार होतो. व्हॉल्व्हकडून विकत घ्यायला निघालेला गोडवा बहुतांशी हाच. अति झाला तर एखादं बोट मागे सरका.

व्हॉल्व्हचा विषय निघालाच आहे तर तोही उरकतो. या डब्यांत बहुधा १२एएक्स७ नावाची नळी, म्हणजेच व्हॉल्व्ह, असते. ती रीतसर चालवायची तर दोन-अडीचशे व्होल्ट द्यावे लागतात. स्वस्त डब्यांत बऱ्याचदा त्याच्या एका अंशावर तिला तेवत ठेवलेलं असतं, आवाज वाढवण्याचं मुख्य काम शेजारच्या साध्या चिपा करतात, आणि नळी त्याच्यावर थोडा रंग चढवते. तो रंग म्हणजे आवाजाची किंचित मोडतोड. इलेक्ट्रिक गिटारवर ती सुंदर लागते. पण गोष्ट सांगणाऱ्या आवाजात काय मिसळायचं ते नंतर सॉफ्टवेअरमध्येही ठरवता येतं आणि नको वाटलं तर काढताही येतं. डब्यातून एकदा शिरलेली मोडतोड निघत नाही. काही डब्यांत नळीच्या मागे केशरी दिवा लावलेला असतो, तो छान दिसतो. रेकॉर्डिंगमध्ये उतरत नाही.

बरं, समजा घेतलाच. मग तो जोडणार कुठे? त्याची तार इंटरफेसच्या माइकच्या भोकात घातलीत, तर आधी वाढवलेला आवाज जुन्या प्रीअ‍ॅम्पमधून पुन्हा वाढून निघेल. दोघांची सूं एकत्र होईल, वर आवाज फाटण्याची भीती. तो लाइन इनपुटमध्ये, म्हणजे आधीच वाढवलेल्या आवाजासाठीच्या भोकात, घालावा लागतो, त्यासाठी वेगळी केबल लागते, आणि बऱ्याच छोट्या इंटरफेसमध्ये लाइनचा रस्ताही फिरून त्याच जुन्या सर्किटमधून जातो. दुकानात हे कोणी सांगितलं होतं का?

आता खोली. मागांचा आवाज दोन वाटांनी येतो. खटखट हवेतून, खिडकीच्या फटींतून येते. घरघर जमिनीतून येते : फरशी, टेबलाचे पाय, स्टँड, मायक्रोफोन. खिडकी कितीही घट्ट लावली तरी दुसरी वाट बंद होत नाही. स्टँड टेबलावर ठेवणार असाल तर त्याच्याखाली घडी घातलेलं घोंगडं ठेवा. टेबल आणि स्टँड वेगळे करता आले तर अधिक चांगलं. मग रेकॉर्डिंग झाल्यावर ८० हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने कापून टाका. बायकांच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण १६० हर्ट्झच्या वर असतो, त्यामुळे तुमचं काही जाणार नाही. हे वाटतं त्याहून फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, पण कंपनीचं मीटर कान लावून बसत नाही. ते सगळ्या स्वरांना सारखंच मोजतं. तुम्हाला शांत वाटणारं रेकॉर्डिंग तिथे नापास होतं ते बऱ्याचदा या न ऐकू येणाऱ्या घरघरीमुळे. माझा संशय सूंपेक्षा तिच्यावर जास्त आहे.

मायक्रोफोनची पाठ खिडकीकडे करा. तुमचा मायक्रोफोन बहुधा कार्डिऑइड असणार, म्हणजे समोरचं ऐकणारा आणि पाठीमागचं बरंचसं न ऐकणारा. यात एक गोष्ट लोक हमखास उलटी करतात. गोधड्या मायक्रोफोनच्या मागे टांगतात. मायक्रोफोन ज्या दिशेला बघतोय ती म्हणजे तुमच्या पाठीमागची भिंत, घुमारा तिथून परत येतो. जाड गोधडी तिथे हवी. साड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून बसलात तरी चालेल. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्यांनी आवाज फारसा शोषला जात नाही, आणि ते पेट घेतात. बोटभर जाडीचा फोमही फक्त वरच्या स्वरांना खातो, खोली तशीच घुमत राहते.

वेळ तुम्हालाच निवडावी लागेल. माग बंद असतात तो दिवस, किंवा जे तास ते थंडावतात ते. खोली ३३ डेसिबलपर्यंत उतरली तर वरच्या हिशोबात मागचा आवाज उणे ६६ ला जातो आणि तुम्ही निर्धास्त पास होता.

आता तपासणी. दुकानदार आणि भाचा यांच्यातला वाद एका संध्याकाळी मिटेल. इंटरफेसचं गेन जवळून वाचण्यासाठी नीट लावा : सर्वांत मोठ्या आवाजाला मीटर उणे बारा ते उणे सहाच्या मध्ये जायला हवं. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा. तिथे पातळी थोडी कमी राहिली तरी बिघडत नाही, नंतर वाढवता येते. एक परिच्छेद वाचा. मग बटणाला हात न लावता, रेकॉर्डिंग चालूच ठेवून दहा सेकंद गप्प बसा. मग मायक्रोफोन दोन गोधड्यांत गुंडाळून कपाटात ठेवा, दार लोटा, आणि एक मिनिट जाऊ द्या. हे सगळं एकाच फायलीत.

ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, भाचा लावून देईल. त्यात आधी ८० हर्ट्झचा फिल्टर द्या. मग वाचलेल्या भागाची सरासरी पातळी उणे २० ला यायला जितके डेसिबल वाढवावे लागतात तितकेच अख्ख्या फायलीला वाढवा. भाग वेगवेगळे वाढवलेत तर तपासणी वाया गेली. मग अ‍ॅनालाइज मेन्यूतल्या कॉन्ट्रास्टमध्ये गप्प बसलेले दहा सेकंद मोजा आणि गोधडीतलं मिनिटही मोजा. गुंडाळताना झालेली खुडबुड मोजणीत धरू नका.

गोधडीतला आकडा उणे साठच्या खाली असेल, तर प्रीअ‍ॅम्प निर्दोष. गोधडीतूनही थोडी खोली आत झिरपतेच, म्हणजे तपासणी त्याच्या विरुद्धच झुकलेली होती, तरी तो सुटला. गप्प बसलेल्या भागाचा आकडा मात्र वर असेल, तर गुन्हेगार खोली आहे. आणि दोन्ही आकडे वर असतील, गोधडीतही स्पष्ट सूं असेल, तेव्हा दुकानदार बरोबर.

तपासणी एकदा चार्जर लावून आणि एकदा काढून करा. गोधडीतल्या मिनिटात सूंऐवजी एकसुरी ‘घूं’ असेल, तर तो घरातल्या विजेचा ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींतला आवाज. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये खुपसलेला असेल, किंवा सॉकेटला अर्थिंग नुसतं नावाला असेल, तर असं होतं. ८० हर्ट्झचा फिल्टर यातलं १०० आणि १५० चं काही काढत नाही. बॅटरीवर वाचा, झालं. अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून एकदा बघून घ्या, रेकॉर्डिंग करा न करा.

मग प्रीअ‍ॅम्पवर पैसे घालावेत असे प्रसंग येतच नाहीत का? येतात. काही मायक्रोफोन फारच मंद असतात. पॉडकास्टवाल्यांचा लाडका शुअर एसएम ७बी तुमच्या जातीचाच, पण एसएम ५८ पेक्षाही चार-साडेचार डेसिबलांनी मंद. त्याला निदान ६० डेसिबल गेन द्या असं खुद्द कंपनी सांगते, आणि जुन्या-स्वस्त इंटरफेसमध्ये ५० च्या आसपासच बटण संपतं. जवळ जाऊनही, बटण शेवटपर्यंत नेऊनही मीटर हलत नसेल आणि गोधडीत सूं निघत असेल, तर माझी पहिली पसंती छोट्या इनलाइन बूस्टरला. मायक्रोफोन आणि इंटरफेसच्या मध्ये बसतो, इंटरफेसच्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर, म्हणजे माइकच्या तारेतूनच येणाऱ्या विजेवर, चालतो, वीस-पंचवीस डेसिबल स्वच्छ वाढ देतो. त्याला केशरी दिवा नसतो, रंगही नसतो, म्हणूनच आवडतो. फक्त तो डायनॅमिकसाठीच आहे. बहुतेक बूस्टर फँटम पॉवर पुढे जाऊ देत नाहीत, त्यामुळे उद्या त्या विजेवर चालणारा कंडेन्सर जातीचा मायक्रोफोन घेतलात तर तो त्यांच्यामागे चालणार नाही. बूस्टरच्या आणि साडेसहा हजारांच्या बेरजेत एखादा नव्या पिढीचा इंटरफेस बसत असेल, तर तोच घ्यावा. काहींत आता ६५-७० डेसिबल गेन मिळतो.

दुकानदारांशी वाकडं घेऊ नका. डबा एक दिवस घरी आणू द्याल का, एवढं विचारा. हो म्हणाले तर हीच गोधडीची तपासणी दोन्हींवर करा. आणि त्याच्या खोक्यावर किंवा पत्रकावर ईआयएनचा आकडा छापलेलाच नसेल, तर आणायचीही तसदी घेऊ नका.

नमुना पुन्हा पाठवाल तेव्हा आणखी दोन आकडे बघा. बऱ्याच कंपन्यांची मागणी एसीएक्ससारखीच (ऑडिबल या ऑडिओबुक कंपनीचं, निवेदकांकडून रेकॉर्डिंग घेणारं व्यासपीठ) असते : सरासरी उणे २३ ते उणे १८ च्या मध्ये, सर्वांत उंच टोक उणे ३ च्या खाली, मागचा आवाज उणे ६० च्या खाली. तुमच्या कंपनीचं पत्रक मागवून ताडून घ्या. नॉइज रिडक्शनचं बटण जोरात दाबून उणे साठ गाठू नका. आकडा मिळतो, पण आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि ऐकून तपासणारा माणूस ते पहिल्या मिनिटात ओळखतो. वाक्यांमधल्या जागा कापून तिथे कोरी शांतताही भरू नका. गप्प बसलेले ते दहा सेकंद जपून ठेवा. वाचताना खोकला आला, पान वाजलं, तर तेवढा तुकडा काढून त्या जागी यांतला एखादा सेकंद चिकटवता येतो.